रोप कधी घेऊ नये

रोपवाटिकेनं काढलेली पुस्तिका म्हटली की रंगीत फोटो, रोपांची यादी आणि मागच्या पानावर 'घाऊक दरासाठी संपर्क' हे ठरलेलं. धाराशिवहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहानशा रोपवाटिकेची ही पुस्तिका मात्र एप्रिल-मे महिन्यांपासून सुरू होते, आणि पहिल्या प्रकरणाचा मथितार्थ एवढाच, की रोपं घेऊ नका, खड्डे घ्या. ज्यांचं पोट रोपविक्रीवर आहे त्यांनी छापील पुस्तिकेत असं सांगावं, याचं मला अप्रूप वाटलं. प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो त्यामुळेच. रोपवाटिका चालवणाऱ्या नवरा-बायकोनं मुखपृष्ठावर आपलं नाव घातलेलं नाही, म्हणून मीही ते इथे घेत नाही.

मजकुराचा उगम एका वहीत आहे. गिऱ्हाईक परत येऊन 'तुमचं रोप मेलं' म्हणालं, की हे दोघं त्याच्याशी वाद न घालता विचारायचे : कुठं लावलं, कधी लावलं, माती कसली, पाणी कोण घालत होतं? उत्तरं वहीत जात. पुस्तिका उभी राहिली ती या मेलेल्या रोपांच्या नोंदींवर. बागकामावरची बहुतेक पुस्तकं फुललेल्या बागेवरून लिहिलेली असतात आणि वाचताना फार गोड वाटतात. आपल्या जिल्ह्यात ती फारशी उपयोगी पडत नाहीत.

न पडण्याची कारणं भूगोलात आहेत. बालाघाटच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचं पाणी दोन खोऱ्यांत वाटलं आहे. तेरणा आणि मांजरा पूर्वेला गोदावरीकडे जातात. सीना आणि बोरी दक्षिणेला भीमेकडे, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वारा असा कोरडा, की सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. पश्चिमेकडचे परांडा आणि भूम हे तालुके पर्जन्यछायेतले. पूर्वेकडच्या उमरगा-लोहाऱ्यात पाऊस त्यामानानं बरा. एकाच जिल्ह्यात नदीकाठची माणूसभर खोल काळी माती आहे, तिच्यापासून थोड्या अंतरावर वीतभर मातीखाली मुरूम लागणारं बरड आहे, आणि मधूनमधून चुनखडीचे पट्टे आहेत. तेव्हा धाराशिवमध्ये आंबा लावावा का, या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. वावर कोणतं हे आधी विचारावं लागतं, आणि ही पुस्तिका ते विचारते.

चुनखडीचंच घ्या. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याला आपण केवडा पडला म्हणतो. घरची माणसं समजतात पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाणी घालतात, आणि झाड आणखी पिवळं होतं. चुन्यामुळे मातीतलं लोह मुळांना मिळेनासं होतं, त्यात ओल साचली की भर पडते. लिंबू-मोसंबी अशा जमिनीत कायम आजारी असतात. हिराकस फवारून पानं काही दिवस हिरवी होतील, जमीन बदलणार नाही. पुस्तिकेचा सल्ला सरळ आहे : चुनखडी निघाली तर लिंबू-मोसंबीचा नाद सोडा, चिंच, बोर, आवळा किंवा सीताफळ लावा. (इथे लिंबू म्हणजे आंबट फळ, लिंब म्हणजे आपला कडुनिंब. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी हा खुलासा.)

आता खड्ड्यांकडे. आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल. सीताफळ-डाळिंबाला दीड-दोन फुटांचा पुरतो. तो उन्हाळ्यात घ्यायचा आणि महिनाभर तापू द्यायचा, म्हणजे मातीतल्या किडी आणि बुरशी बऱ्याच मरतात. मृगाच्या तोंडावर तळाशी पालापाचोळा, वर पोयट्याची माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून तो भरायचा. शेणखत कुजलेलंच हवं, ताजं घातलं की वाळवीला आमंत्रण. इथवरचं कोणत्याही कृषी-दैनंदिनीत सापडेल. पुस्तिका पुढे जाते : खोल काळ्या जमिनीत खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरलेली विहीर. तिथे खड्डा जमिनीच्या वरपर्यंत भरून उंचवटा करा आणि रोप त्या उंचवट्यावर लावा. काळ्या रानातली कलमं दुष्काळानं जितकी मरतात, तितकीच श्रावणात मुळं सडून मरतात. हे वहीनं शिकवलं आहे.

या दोघांचं वेळापत्रक नक्षत्रांचं आहे, आणि मला ते जुनाट वाटत नाही. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. रोहिणी 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, हस्त 26-27 सप्टेंबरला. वर्ष कुठलंही असो, तारीख एखाद्या दिवसापलीकडे हलत नाही. आपले सण मात्र चंद्रावर चालतात आणि अधिक महिना आला की पुढे सरकतात. 2026 सालीच पाहा, अधिक ज्येष्ठामुळे दसरा 20 ऑक्टोबरपर्यंत गेला. रोपवाटिकेला दोन्ही पंचांगं सांभाळावी लागतात, कारण झाड लावायचं सूर्याच्या हिशोबानं आणि गिऱ्हाईक येतं चंद्राच्या हिशोबानं. वटपौर्णिमेला वड, श्रावणात बेल, गणपतीला पत्रीची झाडं, दसऱ्याला आपटा आणि शमी, कार्तिकात तुळस. यातली तुळस आणि फार तर बेल घराच्या अंगणात मावेल. तीस बाय चाळीसच्या प्लॉटमध्ये कंपाउंडच्या भिंतीलगत वड लावणाऱ्यांना या पुस्तिकेनं चांगलं झापलं आहे. वड गावच्या गायरानात किंवा देवळापुढच्या मोकळ्या जागेत लावावा, आणि तोही आर्द्रेत.

झेंडूचं प्रकरण मला सर्वांत आवडलं, कारण त्यात तुळजापूर आहे. शारदीय नवरात्रात तुळजाभवानीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आणि फुलांची मागणी इथल्या माणसाला सांगायला नको. झेंडूचं रोप गादीवाफ्यावर पंचवीसएक दिवसांत लावणीला येतं आणि लावणीनंतर दोन महिन्यांत फुलांवर येतं. म्हणजे घटस्थापनेला फूल हवं असेल तर बी आषाढात पडायला हवं आणि लावण श्रावणात व्हायला हवी. भाद्रपदात रोपं मागायला येणाऱ्यांना ही मंडळी सरळ सांगतात, की ही फुलं दसऱ्याला मिळणार नाहीत, दिवाळीला मिळतील, चालत असेल तर न्या. गादीवाफा उंच हवा, पाणी सकाळी द्यावं, बी दाट टाकू नये. नाहीतर रोपं जमिनीलगत सडून आडवी पडतात. त्या रोपमरीवर ट्रायकोडर्मा वापरण्याची सूचना आहे, पण भर आहे तो बी विरळ टाकण्यावर. औषधापेक्षा बियांची मूठ आवरणं स्वस्त पडतं.

शेवंतीबद्दलची एक टीप शहरातल्या वाचकांच्या उपयोगाची आहे. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर कुंडीवर पडत असेल, तर झाड नुसतं वाढत राहतं. खतं घालून, जागरणं करून उपयोग नाही, कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात न्यावी. मोगऱ्याचं उलट आहे : हिवाळ्यात पाणी तोडायचं, जानेवारी-फेब्रुवारीत छाटायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फुलं घ्यायची.

माळव्याच्या प्रकरणावरून मी भरभर जातो, कारण ते वाचकाला स्वतःलाच सहज उलगडेल. पावसाळ्यात दोडका, कारली, भोपळा यांचे वेल. दिवाळीच्या आगेमागे मेथी, पालक, कोथिंबीर. संक्रांतीनंतर भेंडी, गवार, काकडी. धने रगडून पेरावेत आणि भर उन्हाळ्यात कोथिंबिरीचा हट्ट धरू नये. शेवगा मात्र प्रत्येक घरामागे असावाच, आणि तो दरवर्षी छाटावा. नाहीतर शेंगा गच्चीच्याही वर लागतात आणि शेजाऱ्यांना मिळतात.

कलमांबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. 1990 साली राज्यात रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. फळझाडांची कलमं विकायला 1969च्या महाराष्ट्र फळ रोपवाटिका (विनियमन) अधिनियमानुसार परवाना लागतो. तो विचारायला कोणी लाजू नये. परवान्याचा कागद असला तरी डोळे उघडे ठेवायला हवेतच. सीताफळात ही गरज फार. आपल्या पट्ट्यात बालानगर आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं धारूर-6 आहे, आणि शेजारच्या बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं एनएमके-1 गोल्डन आहे, ज्याला बाजारात मोठं नाव आहे. नाव मोठं झालं की बियांपासून उगवलेली रोपंही त्याच नावाच्या चिठ्ठीखाली विकली जातात. चिठ्ठी वाचू नका, बुंधा पाहा, असं पुस्तिका सांगते : कलमाचा जोड दिसला पाहिजे, तो भरून आलेला पाहिजे, लावताना जमिनीच्या वर राहिला पाहिजे, आणि त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी वेळेवर काढली पाहिजे. जोडाच्या खालून येणारे फुटवे खुंटाचे असतात, ते मोडून टाकायचे. कित्येक घरी केशर म्हणून वाढवलेलं झाड प्रत्यक्षात खुंटाच्या कोयीचं रायवळ असतं, कारण वरचं कलम कधीच वाळून गेलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

पेरूच्या लखनौ-49 चीही हकीकत अशीच पाहण्यासारखी आहे. नावात लखनौ असलं तरी हे वाण डॉ. चीमा यांनी 1927 साली पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात निवडलं, पुढे ते सरदार या नावानंही ओळखलं गेलं. गणेश डाळिंबाची निवडही चीमांचीच आणि गणेशखिंडीचीच. वाण घडवायला वर्षं लागतात, आणि बनावट चिठ्ठी छापायला एक दुपार.

मोठ्या रोपबाजाराबद्दल पुस्तिकेत थोडं आहे, ते मी वाढवून सांगतो. आपल्याकडे ट्रकनं येणारी बरीचशी शोभेची आणि फळांची रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातली असतात. गंमत अशी, की तेरणा-मांजराचं पाणी ज्या गोदावरीला मिळतं तिच्याच मुखाकडचा तो प्रदेश. पाणी इथून तिथे जातं, रोपं तिथून इथे येतात. तिकडची हवा दमट. तिथे तुकतुकीत वाढलेलं रोप धाराशिवच्या वाऱ्यात उतरलं की आठवड्यात पानं टाकतं. त्यात रोपांचा दोष नाही. आणल्याबरोबर उन्हात न लावता आठ-दहा दिवस लिंबाच्या सावलीत ठेवावीत, हळूहळू उन्हाची सवय करावी आणि मग लावावीत. लहान रोपवाटिका महाग का, याचं उत्तरही इथेच आहे : तिची रोपं इथल्याच उन्हात एक उन्हाळा काढून उभी असतात. माझ्या मते त्या उन्हाळ्याचे पैसे द्यायला हरकत नसावी.

बियांच्या बाबतीत घाई करायची आणि रोपांच्या बाबतीत धीर धरायचा, हे इथे वारंवार येतं. मृगाच्या आसपास लिंबोळ्या पडतात. त्या वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवल्या तर उगवत नाहीत. लिंबोळी, जांभळाची बी आणि आंब्याची कोय ताजी असतानाच मातीत गेली पाहिजे. चिंचोका मात्र डब्यात थांबतो. लिंबोळ्या जास्त झाल्या तर त्यांचा पाच टक्के अर्क करावा, म्हणजे पाच किलो कुटलेल्या गरापासून शंभर लिटर फवारा.

पाण्याबद्दल या जिल्ह्यात हळू आवाजात बोलता येत नाही. 1972चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीनं पाहिला. 2016च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आपल्याकडची स्थिती वेगळी नव्हती. आणि 2025च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरानं परांडा-भूम भागातली उभी पिकं मातीसकट नेली. मराठवाड्याचा पाऊस असा आहे : पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा कोरडे गेले तर उत्तरा-हस्तात सगळी भरपाई करायला येतो. म्हणून पुस्तिकेत लावणीच्या दोन वेळा आहेत. मुरमाड जमीन आणि हाताशी पाणी नाही, तर आर्द्रेत लावा. मुळांना चार महिने मिळतील. काळी जमीन आहे, ठिबक आहे, तर हस्ताचा जोर ओसरल्यावर लावा. सरसकट जुलै हा काही मुहूर्त नव्हे.

सरकारी वृक्षलागवडीबद्दल इथे दोन शब्द लिहायलाच हवेत. राज्यात 2016 साली दोन कोटी झाडांपासून मोहीम सुरू झाली आणि 2019 साली 33 कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली. 1 जुलै ठरलेला, फोटो ठरलेला. माळावर त्या दिवशी ओल आहे की नाही याची चौकशी करणारे थोडे. मोजणी लावलेल्या झाडांची करण्यापेक्षा दोन उन्हाळे काढलेल्या झाडांची केली असती, तर आकडा लहान झाला असता आणि सावली मोठी. पुस्तिकेतलं गावमोहिमांचं पान सरपंचांनी आणि शाळांच्या मुख्याध्यापकांनी आवर्जून वाचावं. त्यात झाडांची निवडही आहे : लिंब, चिंच, करंज, हिवर, आपटा, पळस. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात एक फेरी मारली की या डोंगराला काय मानवतं ते दिसतं. कोनोकार्पस झटपट हिरवा पडदा देतो म्हणून मागणी आहे; गुजरात सरकारनं 2023 साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. या रोपवाटिकेत तो मिळत नाही.

पाणी वाचवायच्या उपायांत पुरलेल्या मडक्याचं एक पान आहे. रोपापासून हातभर अंतरावर न चकाकवलेलं, पाझरणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, झाकण ठेवायचं. माती कोरडी पडेल तसतसं पाणी झिरपतं, मुळं मडक्याकडे वाढतात. गोरोबाकाका कुंभारांचं तेर ज्या जिल्ह्यात आहे तिथे या उपायासाठी प्लॅस्टिकच्या बाटल्या शोधत फिरावं लागू नये. भोवतीनं सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर द्यायचा, पण बुंध्याला चिकटवायचा नाही. आपल्याकडे भुसकटाची कमी नाही, बांधावर पेटवून देण्यापेक्षा ते खूप बरं.

राहिली शेळी. जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे, आणि ती देशभर नावाजलेली आहे. काटक, जुळी करडं देणारी, आणि कोवळ्या शेंड्याबद्दल अत्यंत रसिक. वहीतल्या मृत्यूंमध्ये तिचा वाटा मोठा आहे. उपाय दोन : बाभळीच्या काट्यांचं कुंपण, किंवा तिला न आवडणारी झाडं. सीताफळाच्या पानाला ती तोंड लावत नाही, म्हणून तर बालाघाटाच्या उघड्या डोंगरांवर सीताफळ टिकलं. कण्हेर, अडुळसा, निरगुडी यांनाही भीती नाही. कुंपणाला हीच लावा.

एका बाबतीत माझं लेखकांशी पटत नाही. गुलमोहर परका म्हणून त्यांनी तो यादीतून काढला. सावली आणि चारा यांच्या हिशोबात ते बरोबर असेल, पण मे महिन्यात एस.टी. स्टँडासमोर लाल भडक फुललेलं एखादं झाड असायला काय हरकत आहे? आमचा हा वाद छपाईपर्यंत मिटला नाही, आणि गुलमोहर यादीत आला नाही.

पुस्तिकेची मर्यादाही सांगतो. ही वही धाराशिव आणि तुळजापूर तालुक्यांच्या मधल्या पट्ट्याची आहे. परांड्याच्या कोरड्या माळावर किंवा उमरग्याच्या भारी जमिनीत हीच वेळापत्रकं आठ-पंधरा दिवसांनी, कधी एका नक्षत्रानं, मागेपुढे होतील. त्यासाठी प्रत्येक प्रकरणानंतर एक कोरं पान ठेवलं आहे. आपल्या गावात पहिला लावणीजोगा पाऊस कधी झाला, काय लावलं, माती कसली होती आणि पुढच्या मे महिन्यात त्यातलं काय उभं होतं, एवढं त्यावर लिहा. मेलेल्या झाडांची नोंद आधी करा. वर्षाअखेरीस ती पानं रोपवाटिकेत आणून दिलीत, तर पुढच्या आवृत्तीत ती आपल्या तालुक्याच्या नावानिशी छापली जातील.